धुराची वेळ

सकाळी साडेसहाला खालच्या पार्किंगमध्ये जुन्या मारुती ८०० चा सेल्फ वाजतो. दोन-तीन हिसके बसतात, इंजिन धरतं आणि सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक लोट बाहेर पडतो. गाडी गेटपर्यंत पोचते तोवर धूर संपलेलाही असतो. मग दिवसभर पुन्हा दिसत नाही. मालक धास्तावून गॅरेज गाठतो. मेस्त्री मागे वाकून एकदा सायलेन्सर बघतो आणि निकाल देतो, "साहेब, ऑइल खातेय. रिंगा गेल्या. इंजिन उतरवावं लागेल."

यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं बहुधा चुकलेलं आहे आणि तिसरं मालकाला चांगलंच महागात पडणार आहे. मेस्त्री लबाड असतोच असं नाही. त्याने रंग पाहिला आणि तेवढ्यावर थांबला. काय जळतंय एवढंच रंग सांगतो. ते आत कुठून शिरलं, हे कळायला धूर कधी येतो ते बघावं लागतं. थंड इंजिन सुरू करताना, चढावर, उतारावरून आल्यावर, की सिग्नलला दोन मिनिटं उभं राहून निघताना? जुन्या गाडीच्या मालकाने आठवडाभर एवढी एकच नोंद ठेवली, तर गॅरेजातला निम्मा संवाद तिथेच संपतो.

आधी रंगांचं बघू. इंजिन ऑइल ज्वलनकक्षात पोचलं की सगळंच जळत नाही. त्याची वाफ होते आणि बाहेरच्या हवेत तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. हे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान असतात, म्हणून ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. आकाश निळं दिसतं त्याच्या मुळाशी हेच आहे. पाण्याच्या वाफेतून बनणारे थेंब त्या मानाने मोठे. ते सगळेच रंग सारखे विखुरतात, म्हणून तो धूर पांढरा. काळा धूर म्हणजे न जळलेल्या कार्बनची काजळी. ती प्रकाश विखुरण्यापेक्षा गिळते जास्त.

पांढऱ्या धुराला लोक उगीच घाबरतात. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो आणि वाफ होऊन जातो सायलेन्सरमध्ये. नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी ती वाफ दिसणारच, नळीच्या टोकाशी पाणी टपकणारच. सायलेन्सर तापला की पाच-दहा मिनिटांत ती दिसेनाशी होते. इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरे लोट चालूच राहिले, तर मात्र काळजीचं कारण आहे. त्याच्याकडे नंतर येऊ.

आता निळ्याकडे. या धुराने जितकी इंजिनं विनाकारण उघडली गेली, तितकी दुसऱ्या कशाने गेली नसतील.

ऑइलला ज्वलनकक्षात शिरायला मुख्य वाटा दोन. एक खालून, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधून. दुसरी वरून, वॉल्व्हची दांडी ज्या नळीत वरखाली होते त्या गाइडमधून. गाइडच्या डोक्यावर रबराचं छोटं सील टोपीसारखं बसवलेलं असतं. कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० ला तीन सिलिंडर आणि सहा वॉल्व्ह, म्हणजे अशी सहा सीलं. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन रबर कडक होतं, दांडीला घट्ट धरेनासं होतं. गाडी रात्रभर उभी असते तेव्हा हेडमध्ये साचलेलं ऑइल थेंबथेंब दांडीवरून खाली ओघळतं. सकाळी सेल्फ मारला की तेवढे थेंब एकदम जळतात. लोट उठतो आणि संपतो. आपल्या पार्किंगमधल्या गाडीची हीच गोष्ट आहे.

वॉल्व्हच्या वाटेची दुसरी खूण उतारावर मिळते. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाट उतरा. तिसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून, इंजिनाच्या ओढीवर गाडी खाली येऊ द्या. थ्रॉटल बंद, इंजिन मात्र फिरतंय. त्यामुळे सिलिंडरला हवा पुरवणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या एक तृतीयांशाच्याही खाली जातो. ही पोकळी सैल गाइडमधून ऑइल आत ओढून घेते. घाट संपला, सपाटी लागली की अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि आरशात बघा. निळा झोत दिसला आणि लगेच विरला, तर दोष वरच्या मजल्यावर आहे. सिग्नलला दोन-तीन मिनिटं उभं राहून निघताना येणारा झोतही त्याच घराण्यातला.

रिंगांचा धूर वेगळा वागतो. तो भाराखाली येतो. तोच घाट चढताना, चार माणसं बसलेली, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोर लावतंय आणि मागे निळी रेघ सुटत राहते. अ‍ॅक्सिलरेटर जितका दाबाल तितकी दाट. सकाळ-संध्याकाळ, थंड-गरम असा फरक त्याला फारसा नाही. त्यातच पिकअप गेलेला असतो आणि दर पंधरा दिवसांनी डिपस्टिकवरची पातळी बोटभर उतरलेली असते.

तरी इथेही घाई नको. आधी फुकटात बघता येण्यासारख्या गोष्टी बघून घ्याव्यात. शेवटच्या सर्व्हिसिंगला कुणी ऑइल जास्त तर भरलं नाही ना? पातळी खुणेच्या वर गेली की क्रँक त्यात आपटते आणि भिंतींवर गरजेपेक्षा जास्त ऑइल उडतं. क्रँककेसमधला वायू बाहेर नेणारी ब्रीदरची नळी काळ्या चिखलाने तुंबली तर आतला दाब वाढतो आणि धडधाकट इंजिनही ऑइल बाहेर ढकलतं. नळी पेट्रोलने धुतल्यावर ऑइल खाणं थांबलं, असंही घडतं. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचं सील गेलं तरी निळाच धूर येतो.

यानंतरची परीक्षा गॅरेजवाले एका शब्दात सांगतात, बॅक कॉम्प्रेशन. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडायचं. मंद फुंकर जाणवली तर ठीक. तिथून इंजिनाच्या ठोक्याबरोबर भक्‌भक् वाफा येत असतील, उलटं ठेवलेलं झाकण नाचत असेल, तर ज्वलनाचा वायू रिंगांना बगल देऊन खाली उतरतोय.

रिंग म्हणजे नेमकं काय, हे एकदा हातात घेऊन बघावं. ओतीव लोखंडाची किंवा पोलादाची, एका जागी कापलेली बांगडी. कापलेली असल्यामुळे ती स्वतःच्या ताणाने बाहेर फाकते आणि भिंतीला चिकटून राहते. ही युक्ती जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे इंजिनिअरची, १८५२ च्या सुमाराची. तोवर वाफेच्या इंजिनांत पिस्टनभोवती अंबाडीसारख्या धाग्यांचं वेष्टण दाबून बसवत. ते झिजायचं, जळायचं, सतत बदलावं लागायचं. आजच्या पिस्टनवर सहसा तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात, तिसरी भिंतीवरचं जास्तीचं ऑइल निपटून खाली पाठवते.

या बांगड्यांना किती चालावं लागतं? मारुती ८०० च्या सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर. तीन सिलिंडरांचं मिळून होतं ७९६ घन सेंटिमीटर. इंजिनाच्या एका फेऱ्यात पिस्टन खाली-वर मिळून १४४ मिलिमीटर जातो. गाडी टॉप गिअरमध्ये एक किलोमीटर धावते तेव्हा इंजिनाचे अडीच हजारांच्या आसपास फेरे होतात. गुणाकार केला तर दर किलोमीटरमागे पिस्टन साडेतीनशे मीटरहून जास्त घासत जातो, शहरातल्या खालच्या गिअरांत त्याहूनही अधिक. मीटरवर एक लाख किलोमीटर दिसत असतील, तर पिस्टनने पृथ्वीच्या घेराएवढी, म्हणजे चाळीस हजार किलोमीटरच्या आसपासची प्रदक्षिणा घातली. तीही घासत घासत, केसाहून पातळ ऑइलच्या थरावरून.

ही झीज सगळीकडे सारखी होत नाही. पिस्टन वेगात असतो तोवर तो ऑइलच्या थरावर तरंगतो. वरच्या टोकाला पोचून उलटा फिरताना त्याचा वेग क्षणभर शून्य होतो, थर तुटतो, आणि नेमकी तिथेच उष्णता आणि दाब सर्वांत जास्त. म्हणून सिलिंडर वरच्या बाजूला जास्त झिजतो, खाली जवळपास नवाच राहतो. हेड काढल्यावर सिलिंडरच्या तोंडाशी बोट फिरवलं की एक कडा नखाला लागते. ती मूळची भिंत. तिच्याखालचा भाग झिजून आत गेलेला.

दुसरा शत्रू थंडपणा. इंजिन गार असताना जळणातून निघालेली वाफ भिंतींवर दवासारखी बसते, ज्वलनातली आम्लं तिच्यात विरघळतात आणि धातू खातात. रोज दोन किलोमीटर अंतरावरच्या ऑफिसला जाणारी गाडी कमी किलोमीटरात म्हातारी होते, ती यामुळे. आणि इथे आपल्याकडच्या एका लाडक्या उपायाबद्दल बोलायलाच हवं. गाडी तापते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकून देणारे मेस्त्री अजून आहेत. "आपल्या हवेत लागतच नाही तो," हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. थर्मोस्टॅटचं अर्धं काम इंजिन लवकर तापवणं हे आहे. तो काढला की काटा खाली राहतो, मालक खूश होतो आणि सिलिंडर कायमचा गारठलेला चालतो. ज्यामुळे गाडी तापत होती तो तुंबलेला रेडिएटर मात्र तुंबलेलाच.

धुळीबद्दल वेगळं सांगायला नको. फाटका एअर फिल्टर असलेली गाडी उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावर चालवणं म्हणजे ऑइलमध्ये पॉलिश पेपर कालवणं.

आता मुख्य परीक्षा, कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम करून बंद करायचं. तिन्ही प्लग काढायचे, ठिणगी पडू नये म्हणून इग्निशन तोडायचं. बॅटरी पूर्ण चार्ज असावी. प्लगच्या भोकात गेज बसवून सेल्फ मारायचा, आणि तेवढा वेळ अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा. ही शेवटची गोष्ट विसरली जाते. थ्रॉटल बंद असला की सिलिंडरला हवाच मिळत नाही, आकडा पडतो आणि चांगल्या इंजिनाच्या मृत्यूचा दाखला लिहिला जातो. तब्येत चांगली असलेलं मारुती ८०० च्या काळातलं पेट्रोल इंजिन साधारण दर चौरस सेंटिमीटरला दहा-बारा किलोचा दाब दाखवतं. पण एकेका आकड्यापेक्षा त्यांच्यातला फरक जास्त बोलका. समजा ११, ११ आणि ७ आले. त्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल ओतून पुन्हा मोजायचं. ऑइल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. आकडा ७ वरून १० वर चढला तर रिंगा किंवा भिंत झिजलेली. ७ च राहिला तर गळती वॉल्व्हमध्ये. त्यातही वॉल्व्ह जळला असं लगेच म्हणू नये. वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा टॅपेट यांच्यातली फट संपल्यामुळे तो पुरता मिटत नसेल, तर फिलर गेज आणि पाना घेऊन अर्ध्या तासाचं काम आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर मधलं हेड गॅस्केट फाटलंय.

या टेस्टचा एक आंधळा कोपराही आहे. ऑइल निपटणारी तिसरी रिंग कार्बनने जाम झाली असेल तर वरच्या दोन रिंगा दाब धरून ठेवतात, गेज उत्तम आकडे दाखवतो आणि गाडी तरीही ऑइल पीत राहते. ऑइल बदलायची टाळाटाळ केलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं.

गेज नसेल तर प्लग आहेत. तिन्ही प्लग काढून वर्तमानपत्रावर क्रमाने मांडावेत, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लिहून. विटकरी-तपकिरी टोक म्हणजे सगळं ठीक. कोरडी मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला, चिकट, काळा प्लग म्हणजे ऑइल. आणि तिघांत एकच नुकता धुतल्यासारखा लख्ख असेल, तर खूश होऊ नका. त्या सिलिंडरमध्ये पाणी येतंय आणि वाफेने प्लग धुऊन निघालाय.

तिथून आपण न थांबणाऱ्या पांढऱ्या धुराकडे येतो. बहुतेक वेळा एकदा कधीतरी गाडी जबर तापलेली असते. अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट उडतं आणि कूलंट ज्वलनकक्षात शिरतो. कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे धुराला गोडसर वास येतो. रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी भरत आलेल्या गाडीला हा वास नसतो, हे ध्यानात ठेवावं. गार इंजिनाचं रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर ज्वलनाचा वायू तिथे पोचतोय. गरम इंजिनावर हे झाकण कधीही उघडू नये. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. डिपस्टिकवर दुधाच्या कॉफीसारखा फेस आला असेल तर पाणी ऑइलमध्येही मिसळलंय आणि गाडी एक किलोमीटरही चालवू नये, कारण असं ऑइल बेअरिंगा वाचवू शकत नाही. फक्त झाकणाच्या आतल्या बाजूला थोडासा पिवळट लोण्यासारखा थर असेल तर मात्र थांबा. कोकणातल्या पावसाळ्यात, छोट्या-छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही जमतो.

एक वेगळीच शक्यता बऱ्याच जणांना सुचत नाही. पांढरा धूर येतोय, कूलंट कमी होत नाही, पण ब्रेक ऑइल कमी होतंय आणि चाकांपाशी गळती कुठेच नाही. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये उतरतं आणि इंजिन ते व्हॅक्यूमच्या नळीतून ओढून जाळतं. इथे प्रश्न इंजिनाचा नाही, ब्रेकचा आहे, आणि तो त्याच दिवशी सोडवायचा.

काळ्या धुराला फार जागा द्यायचं कारण नाही. हवा कमी किंवा पेट्रोल जास्त, एवढंच. तुंबलेला एअर फिल्टर, अडकलेला चोक, कार्ब्युरेटरमध्ये बुडालेला फ्लोट. इंजेक्शनच्या गाडीत बिघडलेला सेन्सर. मात्र दुर्लक्ष केलं तर हाच काळा धूर पुढे निळा होतो. जास्तीचं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं, खाली उतरून ऑइल पातळ करतं आणि रिंगा कोरड्या घासतात. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, तर ते ऑइल लगेच बदलावं. डिझेलमध्ये चढावर थोडा काळा धूर जुन्या इंजिनांच्या स्वभावातच होता. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर मात्र न जळलेल्या डिझेलचा, आणि तो बहुतेकदा कमी कॉम्प्रेशन, निकामी ग्लो प्लग किंवा चुकलेलं टायमिंग सांगतो.

जुनी गाडी विकत घ्यायला जाणाऱ्याने पहिलं काम बॉनेटवर हात ठेवण्याचं करावं. गरम लागलं तर सकाळचा लोट तुमच्या येण्याआधीच उडवून झालेला आहे. दुसऱ्या दिवशी, न कळवता जावं. सायलेन्सरच्या नळीच्या आत बोट फिरवावं. कोरडी काजळी चालेल, तुपकट नको. एके काळी राखाडी नळी ही तब्येतीची खूण मानत, ती शिशाच्या पेट्रोलची. शिशाचं पेट्रोल भारतात २००० साली पूर्ण बंद झालं, तरी काळी कोरडी नळी बघून नाक मुरडणारे जाणकार अजून भेटतात. आणि पीयूसी दाखवून कुणी निर्धास्त करत असेल तर हसून सोडून द्यावं. २००० पूर्वीच्या पेट्रोल मोटारीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम एवढी मुभा आहे. धुराची दाटी डिझेल गाडीचीच मोजतात. घाटात निळी रेघ सोडणारी पेट्रोल गाडी पीयूसीत खुशाल पास होऊ शकते.

इंजिन खरोखर उघडायची वेळ आलीच, तर रीबोअर करायचं, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठा करायचा, की नुसत्या रिंगा टाकायच्या, हे रिंगच सांगते. एक नवी रिंग सिलिंडरच्या तळाशी, न झिजलेल्या जागी सरळ बसवा आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. मग तीच रिंग वर, कडेच्या जरा खाली बसवून पुन्हा मोजा. व्यास जेवढा वाढतो त्याच्या ३.१४ पट परीघ वाढतो, म्हणून डोळ्यांना न दिसणारी झीज फटीत तिप्पट होऊन दिसते. फरक ०.३ मिलिमीटर आला तर सिलिंडर वर ०.१ मिलिमीटरने मोठा झालाय. इतक्या झिजलेल्या सिलिंडरात नव्या रिंगा टाकणं म्हणजे चार महिन्यांची उधारी. लेथवाल्याकडे जाऊन रीबोअर आणि ओव्हरसाइज पिस्टनच हवेत. फरक नगण्य असेल तर होनिंग करून, भिंतीवर जाळीदार ओरखडे पाडून, रिंगा बदलल्या तरी भागतं.

पार्किंगमधल्या त्या मारुतीला यातलं काहीच लागलं नाही. कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरांचं जवळपास सारखं, घाट चढताना धूर नाही, उतरल्यावर एक झोत. सीलं बदलायला हेडसुद्धा उतरवावं लागत नाही. प्लगच्या भोकातून नायलॉनची गुळगुळीत दोरी आत सोडायची, एक टोक बाहेर ठेवून. सुतळी नको, तिचे धागे आत सुटतात. मग हाताने इंजिन फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरीची गादी खालून दाबली जाते आणि वॉल्व्ह जागेवर राहतात, आत पडत नाहीत. स्प्रिंग काढायची, जुनं सील उपटायचं, नवं हलकेच ठोकून बसवायचं, स्प्रिंग पुन्हा लावायची, दोरी काढून पुढच्या सिलिंडरला जायचं. दुपारपर्यंत सहाही होतात. जुनी सीलं फेकण्याआधी नखाने दाबून बघावीत. नवं सील दबतं आणि परत फुगतं. या गाडीची सहाही सीलं शर्टाच्या बटणासारखी टणक झाली होती, आणि त्यातलं एक दाबताच दोन तुकडे होऊन हातात आलं.